आत कुणी आहे का?

17 जून 2023, शनिवार. नागपूरच्या पाचपावली भागातली तीन लहान मुलं दुपारी खेळता खेळता दिसेनाशी झाली. त्यांतलं सगळ्यात मोठं जेमतेम सहा वर्षांचं. घरच्यांनी ओळखीपाळखीच्यांकडे विचारलं, गल्ल्या पालथ्या घातल्या, पोलिसांत तक्रार केली. कुणी पळवून तर नेलं नसेल, ही शंकाही आली. रविवारी संध्याकाळी मुलं सापडली. घरापासून हाकेच्या अंतरावर उभ्या असलेल्या एका मोठ्या गाडीत. तिघंही गेलेली होती.

ही बातमी वाचल्यापासून एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. त्या चोवीस तासांत त्या गाडीजवळून किती माणसं गेली असतील? शोधणारी, भाजी आणणारी, दूध घेऊन जाणारी. त्यांच्यापैकी कुणी निर्दय नव्हतं. उभ्या गाडीत डोकावून पाहायचं कुणाला सुचलं नाही, एवढंच. शेजारच्या स्वयंपाकघरात काय शिजतंय याची खबर ठेवणारे आपण, परक्या गाडीच्या काचेला मात्र नाक लावत नाही. ते असभ्य दिसतं. शिवाय मालकानं पाहिलं तर चोर समजेल, ही धास्ती असते.

बंद गाडी तापून मुलं दगावतात, त्यावरचं बहुतेक संशोधन अमेरिकेत झालं आहे, कारण तिथे हा प्रकार नोंद ठेवून मोजला जातो. यान नल नावाचे एक हवामानशास्त्रज्ञ आहेत, सॅन होजे स्टेट विद्यापीठाशी संबंधित. 2001 साली त्यांच्या भागात एक बाळ गाडीत दगावलं आणि कुणीतरी त्यांना विचारलं, गाडी आतून तापते तरी किती? त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून त्यांनी मोजायला सुरुवात केली आणि मग अशा मृत्यूंची यादीही ठेवू लागले. 1998 पासूनच्या त्या यादीची सरासरी वर्षाला सदतीस-अडतीस मुलं अशी येते. 2018 आणि 2019 या दोन्ही वर्षी हा आकडा पन्नासच्या वर गेला होता.

नल यांनी दोन डॉक्टर सहकाऱ्यांबरोबर केलेलं मोजमाप 2005 साली ‘पेडिअ‍ॅट्रिक्स’ या नियतकालिकात आलं. प्रयोग अगदी साधा होता. गडद रंगाची गाडी उन्हात उभी करायची, आत तापमापक ठेवायचा आणि दर पाच मिनिटांनी आकडा टिपायचा. सोळा दिवस हे चाललं. बाहेरचं तापमान कधी 22 अंश सेल्सिअस, कधी 36. तासाभरात आतला पारा सरासरी बावीस अंशांनी चढला. त्यातली ऐंशी टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली होती. बाहेर 22 अंश, म्हणजे पुण्यातल्या हिवाळ्यातली प्रसन्न सकाळ, तरी आत तासाभरात 47 अंश होऊ शकतात. मग नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्याचं गणित वेगळं मांडायला नको.

असं का होतं? ऊन काचेतून आरपार आत येतं. ते डॅशबोर्डवर, स्टिअरिंगवर, काळ्या सीटवर पडतं आणि या वस्तू तापतात, इतक्या की डॅशबोर्डला हात लावला तर चटका बसावा. तापलेल्या वस्तू आपली उष्णता अवतीभवतीच्या हवेला देतात. त्यांच्यातून जे किरण बाहेर पडतात त्यांची तरंगलांबी मोठी असते आणि काच ते सहज बाहेर जाऊ देत नाही. मोकळ्या अंगणात तापलेली हवा वर निघून जाते. गाडीत ती जाणार कुठे?

इथे वर्तमानपत्रांतल्या एका शब्दाशी माझं भांडण आहे. अशा बातमीचा मथळा हमखास ‘गाडीत गुदमरून मृत्यू’ असा असतो. गुदमरणं म्हटलं की वाटतं, हवा कमी पडली. मग त्यावरचा उपाय म्हणून आपण काच दोन बोटं खाली ठेवतो आणि निश्चिंत मनानं दुकानात शिरतो. गाडी तेवढी हवाबंद नसतेच. प्राणवायू संपण्याच्या कितीतरी आधी उष्णतेनं काम तमाम केलेलं असतं. नल यांच्या गटानं काच थोडी उघडी ठेवूनही मोजलं होतं. पारा चढण्याच्या वेगात दखल घेण्याजोगा फरक पडला नाही.

लहान मुलाचं शरीर मोठ्या माणसाच्या तिप्पट ते पाचपट वेगानं तापतं. वजनाच्या मानानं त्वचेचा पसारा मोठा आणि घामाची यंत्रणा अजून कच्ची. शरीराचं तापमान 40 अंशांच्या पुढे गेलं की उष्माघात सुरू होतो. 42 च्या आसपास अवयव एकेक करून हात टेकतात. कुत्र्याची तऱ्हा वेगळी. त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकायच्या आणि तोंडातल्या ओलाव्याची वाफ करून अंग थंड ठेवायचं, ही त्याची रीत. पण बंद गाडीत त्याच्याच उच्छ्वासानं हवा दमट होते. दमट हवेत वाफ नीट होत नाही, मग तो जितक्या जोरात धापा टाकतो तितका आणखी तापतो. मोबाइल कंपनीच्या जाहिरातीनं आपल्या घराघरांत आणलेला पग तर यात सगळ्यात दुबळा. चपट्या नाकामुळे एरवीही त्याला श्वास पुरत नाही.

पण बाहेरून जाणाऱ्याला यातलं काय दिसतं? बहुतेकदा काहीच नाही. पाण्यात बुडणाऱ्याचे निदान हात तरी हलतात. तापलेल्या गाडीतलं मूल आधी रडतं, ते बंद काचेमुळे नीट ऐकू येत नाही, मग गळून जातं. लाल झालेले गाल, एका कुशीवर कललेली मान. पाहणारा म्हणतो, बाळ छान झोपलंय, आणि आवाज होऊ नये म्हणून हलक्या पावलांनी पुढे जातो.

बघ्यांच्या मानसशास्त्राची चर्चा साधारणपणे न्यूयॉर्कपासून सुरू होते. 13 मार्च 1964 च्या पहाटे क्वीन्स भागात किटी जेनोविज या तरुणीचा खून झाला. अडतीस शेजाऱ्यांनी तो पाहिला आणि कुणीही हललं नाही, अशी बातमी दोन आठवड्यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं छापली. ती जगभर गाजली, पाठ्यपुस्तकांत गेली. पुढे तपासल्यावर ती बरीच फुगवलेली निघाली. आपल्या बातमीत मोठ्या चुका होत्या, हे खुद्द त्या वृत्तपत्रानंही नंतर मान्य केलं. पण त्या बातमीमुळे जॉन डार्ली आणि बिब लताने या दोन मानसशास्त्रज्ञांनी जे प्रयोग केले ते खरे होते. 1968 च्या एका प्रयोगात विद्यार्थी वेगवेगळ्या खोल्यांत बसून इंटरकॉमवरून बोलत होते आणि त्यातल्या एकाला फिट आल्याचा आवाज ऐकू आला. ऐकणारे आपण एकटेच आहोत, असं ज्यांना वाटत होतं त्यांच्यापैकी 85 टक्के फिट चालू असतानाच मदतीला उठले. आणखी चौघं ऐकताहेत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यात हे प्रमाण 31 टक्क्यांवर आलं. दुसऱ्या प्रयोगात बंद खोलीत हळूहळू धूर सोडला. एकटा माणूस चारांपैकी तीन वेळा उठून सांगायला गेला. शेजारी दोन जण ढिम्म बसवून ठेवले, तर दहांतला एकच उठला.

धुराचा प्रयोग आपल्या विषयाच्या जास्त जवळचा आहे. खोलीत बसलेले लोक भित्रे नव्हते. ते शेजारच्यांचे चेहरे वाचत होते. बाकीचे शांत आहेत म्हणजे काळजीचं कारण नसणार, असं प्रत्येकाला वाटत होतं, आणि खऱ्या गर्दीत असा प्रत्येक जण बाकीच्यांसाठी तो शांत चेहरा ठरतो. मॉलच्या वाहनतळावर नेमकं हेच घडतं. दहा जण गाडीजवळून जातात, अकरावा म्हणतो, काही असतं तर कुणी बोललं असतं ना.

तरीही माणसांवर फार रागावण्याआधी 2019 सालचा एक अभ्यास पाहायला हवा. रिचर्ड फिलपॉट आणि सहकाऱ्यांनी अ‍ॅमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाउन या शहरांतल्या रस्त्यांवरच्या कॅमेऱ्यांत टिपलेली 219 भांडणं पाहिली. दहांपैकी नऊ भांडणांत जमलेल्यांपैकी कुणी ना कुणी मध्ये पडलं होतं. आणि गर्दी जितकी मोठी, तितकी कुणीतरी मध्ये पडण्याची शक्यता जास्त होती. प्रयोगशाळा एक सांगते आणि रस्ता दुसरंच, असं वाटेल. मला यात विरोध दिसत नाही. भांडण डोळ्यांना दिसतं. कुणाला मार बसतोय, कोण मारतोय, याबद्दल शंका नसते. गाडीत निपचित पडलेलं मूल म्हणजे मात्र खोलीत हळूहळू येणारा धूर. माणसं संकटाला घाबरून थांबत नाहीत, हे संकटच आहे की नाही या घोळात थांबतात.

अमेरिकेतल्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक घटनांत पालक मुलाला गाडीत विसरलेले असतात. हे वाचल्यावर पहिला उद्गार ‘हे कसले आईबाप!’ हाच येतो. जीन वाइनगार्टन या पत्रकारानं 2009 मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये यावर जो दीर्घ लेख लिहिला, त्यानं हा उद्गार अनेकांच्या घशात अडकवला. त्याला पुढच्या वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळालं. विसरणाऱ्यांत डॉक्टर होते, शिक्षक होते, पाद्री होते, मुलावर जीव टाकणारे होते. डेव्हिड डायमंड हे मेंदूशास्त्रज्ञ याचं स्पष्टीकरण देतात ते असं: रोजचा रस्ता आपण सवयीनं कापतो आणि ते काम मेंदूचा खोलवरचा भाग आपोआप करत असतो. ‘आज वाटेत पाळणाघरात थांबायचंय’ हे लक्षात ठेवणारी यंत्रणा वेगळी. झोप अपुरी असेल, ताण असेल, तर पहिली यंत्रणा दुसरीवर मात करते. त्यात 1990 नंतर पुढच्या एअरबॅगच्या भीतीनं बाळाची खुर्ची मागच्या सीटवर गेली, तीही मागे तोंड करून. एका धोक्यातून बाळ वाचलं आणि आईबापांच्या नजरेआड झालं.

आपल्याकडेही असं होतं. मे 2024 मध्ये राजस्थानात कोटा जिल्ह्यात एक कुटुंब लग्नाला गेलं. आई थोरल्या मुलीला घेऊन दारात उतरली, वडील गाडी लावायला गेले. धाकटी आईबरोबर उतरली असं वडिलांना वाटलं, ती वडिलांजवळ आहे असं आईला. लग्नघरात मुलं दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या कडेवर असतात, त्यामुळे बराच वेळ कुणी हाकही मारली नाही. तीन वर्षांची ती मुलगी गाडीतच राहिली होती.

पण भारतातल्या बातम्या एकापुढे एक ठेवल्या, तर नागपूरसारख्याच जास्त दिसतात. मुलं आपणहून गाडीत शिरतात. एप्रिल 2024 मध्ये मुंबईत अँटॉप हिलला दोघं भावंडं एका पडून राहिलेल्या गाडीत सापडली. त्याच वर्षी नोव्हेंबरात गुजरातच्या अमरेली जिल्ह्यात शेतमजुरांची चार मुलं मालकाच्या गाडीत. मे 2025 मध्ये आंध्रात विजयनगरमजवळच्या गावात पुन्हा चार. ज्यांच्या घरी गाडी नाही त्या मुलांना गाडीचं अप्रूप सगळ्यात जास्त. दार ओढलं की उघडतं, आत ड्रायव्हर-ड्रायव्हर खेळता येतं. मग दार लागतं. मागच्या दाराला चाइल्ड लॉक असेल तर ते आतून उघडतच नाही, आणि पुढच्या सीटवर जाऊन तिथून उतरावं हे चार वर्षांच्या मुलाला घाबरल्यावर सुचत नाही. हॉर्न दाबायला शिकवा म्हणतात, आणि शिकवावंच. चालू स्थितीतल्या गाडीत तो उपयोगी पडेल. दोन वर्षं धूळ खात पडलेल्या गाडीची बॅटरी कधीच मेलेली असते.

म्हणजे अमेरिकेतल्या बघ्याचं काम आणि आपल्याकडच्या बघ्याचं काम थोडं निराळं. तिथे वाहनतळावर काचेतून मूल दिसतं आणि प्रश्न असतो काच फोडायची का. इथे मूल हरवल्याचा ओरडा झालेला असतो आणि प्रश्न असतो आधी कुठे पाहायचं. विहीर, नाला, पाण्याची टाकी या जागा आपल्याला लगेच आठवतात. उभ्या गाड्या, आणि त्यांच्या डिक्क्या, त्या यादीत अजून आलेल्या नाहीत. 1998 च्या उन्हाळ्यात अमेरिकेत तीन आठवड्यांच्या आत अकरा मुलं डिक्कीत अडकून गेली, तेव्हा तिथल्या सरकारनं सप्टेंबर 2001 पासून नव्या मोटारींच्या डिक्कीत आतून उघडणारी, अंधारात चमकणारी मूठ सक्तीची केली. चार-दोन रुपयांची वस्तू म्हणावी अशी. डोकावण्याच्या आड आपल्याकडे आणखी एक गोष्ट येते, काळी फिल्म. सर्वोच्च न्यायालयानं 2012 मध्ये तिच्यावर बंदी घातली ती गुन्ह्यांच्या काळजीनं. पण त्या बंदीचा हाही एक फायदा आहे, पाळली जाते तिथे.

आता काच फोडण्याकडे वळू. 2014 साली टेनेसी राज्यानं कायदा केला की धोक्यात असलेल्या मुलाला काढण्यासाठी कुणीही परक्या गाडीत जबरदस्तीनं शिरलं तर नुकसानीचा दावा त्याच्यावर चालणार नाही. अमेरिकेतल्या अशा सुरुवातीच्या कायद्यांपैकी हा एक. पुढच्या वर्षी त्यात प्राणीही आले. 2016 मध्ये फ्लोरिडानं आणि कॅलिफोर्नियानं आपापले कायदे केले. अटी साधारण सारख्याच: दार खरंच बंद आहे का पाहा, पोलिसांना कळवा, गरजेपुरतीच ताकद वापरा, मदत येईपर्यंत तिथून हलू नका. इंग्लंडच्या 1971 च्या कायद्यातली कल्पना मला जास्त आवडते. मालमत्तेचं नुकसान करताना, मालकाला परिस्थिती कळली असती तर त्यानं स्वतःच परवानगी दिली असती असा तुमचा प्रामाणिक विश्वास असेल, तर तो बचाव ठरू शकतो. कुठला बाप म्हणेल की आधी काच, मग पोर?

आपल्याकडे गाडीच्या काचेसाठी वेगळा कायदा नाही. पण 1860 च्या दंड संहितेतलं कलम 81 आता भारतीय न्याय संहितेत कलम 19 म्हणून आहे. मोठं नुकसान टाळण्यासाठी, वाईट हेतू नसताना, सद्भावनेनं छोटं नुकसान केलं तर तो गुन्हा नाही. त्याखाली उदाहरण दिलंय ते आगीचं: आग पसरू नये म्हणून कुणी मधली घरं पाडली तर काय? जिथे घर पाडणं माफ होऊ शकतं, तिथे काचेचं काय घेऊन बसलात. प्राण्यांच्या बाबतीत मात्र कायदा हसू आणतो. 1960 च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. वाहनतळाची पावती त्याहून महाग पडते.

फोडायची वेळ आलीच, तर समोरची काच सोडून द्या. दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पडदा असतो, ती तडकते, पडत नाही. बाजूची काच बहुधा टफन्ड असते. तयार होताना ती झटकन थंड केलेली असते, त्यामुळे तिचा पृष्ठभाग दाबाखाली आणि गाभा ताणाखाली असतो. मधोमध हाणलेला दगड ती पचवते. पण कडेच्या कोपऱ्याजवळ टोकदार वस्तूचा घाव बसला की आतला सगळा ताण एकदम सुटतो आणि खडीसाखरेसारखे बारीक खडे होऊन ती कोसळते. मुलापासून सगळ्यात लांबची काच निवडायची. त्याआधी चारही दारं ओढून पाहायची. घाईत हे विसरलं जातं, आणि एखादं दार उघडंच असतं. सोबत कुणी असेल तर एकानं 112 ला फोन लावायचा, दुसऱ्यानं वॉचमनला गाठून गाडीचा नंबर पुकारायला सांगायचा. गर्दीला उद्देशून ‘कुणीतरी फोन करा’ म्हटलं की डार्ली-लतानेंचा प्रयोग पुन्हा सुरू होतो. बोट दाखवून म्हणायचं, ‘ओ निळा शर्ट, तुम्ही लावा फोन.’ मूल बाहेर आलं की सावली, कपडे काढणं, अंगावर पाणी, वारा आणि 108. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. आणि आईबाप धावत येतील तेव्हा त्यांचा व्हिडिओ काढणाऱ्याच्या हातातला फोन खाली करायचा, हे माझ्याकडून.

चूक होईल, ही भीती उरतेच. 2016 मध्ये अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या कीन गावात एका पोलीस अधिकाऱ्यानं दुकानाबाहेरच्या गाडीची काच फोडून बाळ बाहेर काढलं. ती बाहुली निघाली, हुबेहूब बाळासारखी दिसणारी महागडी बाहुली. काचेचे पैसे पोलिसांनी भरले.

माझी चूक याहून स्वस्तातली. मे महिना, एका मंगल कार्यालयाबाहेर पांढरी गाडी, मागच्या सीटवर चारेक वर्षांचा मुलगा तोंड उघडं टाकून झोपलेला. मी दहा पावलं पुढे गेलो, तेवढ्यात मला हे सगळं आठवलं आणि परत आलो. काचेवर टकटक केलं. हलला नाही. जोरात थापटलं. तो दचकून उठला, मला पाहिलं आणि त्यानं जे भोकाड पसरलं ते आतूनही स्पष्ट ऐकू आलं. मग माझ्या तळहाताला काच गार लागल्याचं माझ्या लक्षात आलं. इंजिन चालू होतं, एसी चालू होता. दोन गाड्या पलीकडे फोनवर बोलणारा त्याचा बाप धावत आला.

‘‘ओ काका, काय पाहिजे?’’

‘‘काही नाही,’’ मी म्हटलं, ‘‘जिवंत आहे का बघत होतो.’’

त्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती घेऊन मी जेवणाच्या पंगतीला गेलो.